वाचकांचे प्रश्न : मामांच्या गॅलरीतली दोन कासवं

गेल्या अंकात स्टार कासव, म्हणजे पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेलं आपलं देशी कासव, घरात ठेवणं गुन्हा आहे एवढं एकच वाक्य लिहिलं होतं, आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेकांचा प्रश्न फिरून तोच, दुर्मीळ कासव, साप, घोरपड खाजगी माणसाला ठेवता येते का, आणि आधीच घरात असेल तर आता करायचं काय. काही पत्रं छोटी करून घेतली आहेत.

ताई, माझे मामा मागच्या आठवड्यात गेले. सदाशिव पेठेत एकटेच राहायचे. घर आवरायला गेलो तर गॅलरीत टबमध्ये दोन स्टार कासवं. शेजारच्या काकू म्हणतात वीस-बावीस वर्षं झाली, मामा त्यांना काकडी आणि दूधभात द्यायचे. आता ती आमच्याकडे आहेत आणि मुलीला लळा लागलाय. वारसाहक्काने ठेवता येतील का? फॉरेस्टवाल्यांना कळवलं तर उलट मलाच आत टाकतील का? भाऊ म्हणतो तळजाईच्या टेकडीवर सोड आणि मोकळा हो.

मामांचं वाचून वाईट वाटलं. एकट्या माणसाने इतकी वर्षं दोन जिवांना जपलं, त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही.

पण तळजाईवर सोडू नका, हे पहिलं. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता कायदा. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात कलम ३९ आहे, त्याप्रमाणे रानातला प्राणी बेकायदा धरला किंवा ठेवला गेला की तो सरकारची मालमत्ता होतो, ज्याने पाळला त्याची नाही. त्यामुळे मामांकडे कागद नसेल तर वारसा म्हणून मिळण्यासारखं काही मामांकडे नव्हतंच, हे ऐकायला कठोर वाटतं पण असंच आहे. कागद कुठला, तर मुख्य वन्यजीव रक्षकांचं मालकी प्रमाणपत्र. २००३ साली सरकारने एकदा संधी दिली होती, ज्यांच्याकडे असे प्राणी किंवा कातडी, शिंगं वगैरे आहेत त्यांनी १८० दिवसांत जाहीर करावं म्हणून. मामांकडची कासवं त्याच सुमाराची दिसतात, म्हणून त्यांचं कपाट, लॉकर, जुन्या फायली एकदा नीट बघा. प्रमाणपत्र सापडलं तर वारसाला ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं, आणि पुढे ठेवायची इच्छा नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर प्राणी सरकारच्या स्वाधीन करायची रीतसर सोय आहे, फक्त मोबदला मिळत नाही.

कागद नाहीच सापडला, तर कायदा म्हणतो की ताब्यात आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवून प्राणी द्यायचा. तुमचा आठवडा होत आलाय. म्हणजे हे वाचून झालं की आजच.

भीती वाटते ते मी समजू शकते, आणि खोटा धीर देणार नाही. स्टार कासव पूर्वी कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये, म्हणजे कमी संरक्षणाच्या यादीत होतं, १ एप्रिल २०२३ पासून ते अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. तिथल्या गुन्ह्याला किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं आणि कमीत कमी २५ हजार दंड. शिवाय प्राणी तुमच्या ताब्यात सापडला की तो बेकायदाच आहे असं धरलं जातं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. पण याच कारणासाठी लपवणं सगळ्यात वाईट. स्वतःहून गेलेला माणूस आणि कुणीतरी टीप दिल्यावर घरी सापडलेला माणूस, दोघांचा कागद एकसारखा लिहिला जात नाही. एखाद्या वकिलाशी तासभर बोला, मग लेखी अर्ज करा. मामा कधी गेले, कासवं कधी आणि कुठे दिसली, तुम्ही कधी हलवली, सगळं तारखेसकट. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा, टबचे आणि कासवांचे फोटो जोडा, काकूंकडून दोन ओळी लिहून घ्या. अर्जाच्या दोन प्रती काढून एकीवर पोच घ्या, हे विसरू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून "कुणाला हवीत का" असं चुकूनही विचारू नका, फुकट दिली तरी ते हस्तांतरणच.

ती जाईपर्यंत दूधभात बंद. दूध कासवाला पचत नाही, आणि भात-पोळी, काकडी यातून कॅल्शियम मिळत नाही. गवत द्या, जास्वंदीची पानं द्या, फड्या निवडुंगाचं पान काटे काढून द्या. सकाळचं ऊन लागू द्या, पण सावलीही हवी. उथळ थाळीत पाणी. पाठीवरचे चौकोन उंच उंच टेकाडासारखे झाले असतील तर बघा, लोकांना ते सुंदर वाटतं, पण ती बऱ्याचदा चुकीच्या सांभाळण्याची खूण असते. ऊन म्हणजे त्यातले यूव्हीबी किरण, ते काचेतून येत नाहीत, त्यामुळे बंद खिडकीशी ठेवलेल्या कासवाला उजेड मिळतो पण हाडांना हवं ते मिळत नाही, आणि हे पाळणाऱ्याला कळतं तेव्हा कवच मऊ झालेलं असतं.

तळजाई का नको, ते मुलीलाही सांगता येईल. स्टार कासव पुण्याचं नाही. ते गुजरात-राजस्थानच्या बाजूला आणि खाली आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या कोरड्या झुडपी रानात असतं, आणि श्रीलंकेत. दोन्हीकडच्या कासवांत फरक आहेत, आणि कुठलीही कासवं कुठेही सोडत गेल्याने ती सरमिसळ होत चालली आहे हे अभ्यासातून दिसलंय. शिवाय टबमध्ये वाढलेल्या कासवाचे श्वासाचे आजार रानातल्या कासवांत जाऊ शकतात. म्हणून आधी तपासणी, उपचार, मग कुठे सोडायचं ते ठरतं, आणि काहींना आयुष्यभर बंदिवासातच ठेवावं लागतं.

मुलीला लळा लागलाय त्याचं मला सगळ्यात जास्त वाटलं. तिला बरोबर घेऊन जा, तिच्या हातूनच द्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की आंध्र-कर्नाटकच्या सीमेवरच्या एकाच भागातून वर्षाला किमान ५५ हजार स्टार कासवं उचलली जात होती. मामांना कदाचित कुणी रस्त्यावर शंभर-दोनशे रुपयांत विकली असतील आणि त्यांना यातलं काही माहीतही नसेल. तिला हे सांगताना मामांना दोष देऊ नका.

हिंजवडीत आयटीमध्ये आहे. बॉल पायथन हा साप घ्यायचाय. विकणारा म्हणतो परदेशी आहे, आपल्या कायद्यात येत नाही, पक्कं बिल देतो. खरंय का?

तो तुम्हाला जुनी गोष्ट सांगतोय. खूप वर्षं खरंच तसं होतं, बाहेरून आणताना कस्टम्सचे नियम होते पण एकदा देशात आला की कुणी विचारत नव्हतं. जून २०२० मध्ये केंद्राने सांगितलं की ज्यांच्याकडे परदेशी प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून नोंद करा, कागद मागणार नाही. ती मुदत कधीच संपली. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि नवी अनुसूची ४ आली, त्यात साइट्स या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांची यादीच आहे, तुमचा बॉल पायथन त्यात आहे, हिरवा इग्वानाही आहे. आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम आले, की असा प्राणी असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करायची, आधीपासून असेल तर सहा महिन्यांत (ती मुदत आता संपली), नंतर घेतला तर ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, सगळं कळवायचं.

म्हणजे सरळ उत्तर असं, की हो, परदेशी साप कायद्याने ठेवता येतो, पण त्याचा इतिहास कागदावर असेल तर. विकणाऱ्याला बिल नको म्हणावं, त्याच्या नावावरची या प्राण्याची नोंद दाखव म्हणावं, आई-बाप कुणाच्या नावावर आहेत ते दाखव म्हणावं. बाहेरून आणला असेल तर आयात परवाना आणि साइट्सचं परमिट. दुकानाच्या बिलाने फक्त तुम्ही पैसे दिले हे सिद्ध होतं. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांमधून कापडी पिशव्यांत, डब्यांत कोंबलेले साप आणि इग्वाना कितीदा पकडले गेलेत ते पेपरात येतच असतं. जे पकडले जात नाहीत ते कुठल्यातरी दुकानात पक्क्या बिलासकट पोचतात.

अजून एक, आपलं अजगर आणि बॉल पायथन यांचं पिल्लू ओळखता येत नसेल तर अजिबात घेऊ नका, अजगर अनुसूची १ आहे. आणि बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. ऑनसाइटला गेलात तर कोण बघणार, हे घ्यायच्या आधी ठरवा, नंतर आईवर टाकू नका.

कोथरूडला राहतो. लाल कानाची दोन कासवं मुलांसाठी घेतली होती, रुपयाच्या नाण्याएवढी, आता ताटाएवढी झाली. पाषाण तलावात सोडली तर चालेल?

नाही. ही अमेरिकेतली, रेड-इअर्ड स्लायडर, जगातल्या शंभर सगळ्यात घातक घुसखोर जातींच्या यादीत आहेत. आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा बळकावतात. मोठी टाकी, चांगला फिल्टर, आणि तीस वर्षं, हे तुमच्या वाट्याला आलंय. झेपत नसेल तर प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेला विचारा, पण नदी-तलाव नाही. हात मात्र दर वेळी साबणाने धुवायचे, साल्मोनेला नावाच्या जंतूंचा संसर्ग होतो, अमेरिकेत तर याच कारणाने १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे.

आणि एकदा कासवं नीट बघून घ्या. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर स्लायडर. पाठीवर मधोमध घराच्या छपरासारखा कणा असेल तर ते आपलं देशी छपरी कासव असू शकतं, लोक फेंगशुईचं म्हणून विकतात, आणि मग वरचं सदाशिव पेठेचं उत्तर तुम्हालाही लागू.

तुम्ही दुर्मीळ प्राणी ठेवणाऱ्या प्रत्येकाला चोर समजता. माझा जर्मनीतला मित्र आपलीच स्टार कासवं कायदेशीर पाळतो, पिल्लं काढतो, सरकारी सर्टिफिकेट आहे. इथे रान संपतंय, तिथे जात टिकतेय. मग खरं संवर्धन कोण करतंय? आम्हा जाणकारांना इथे परवानगी का नाही? (बिबवेवाडी)

चोर नाही समजत. सरपटणाऱ्या प्राण्यांना काय खायला घालावं, किती ऊब लागते, अंडी कशी उबवावीत, यातलं पुष्कळ ज्ञान हौशी पाळणाऱ्यांनीच जमवलंय आणि प्राणिसंग्रहालयांनीही ते वापरलंय. तुमच्या मित्राच्या कासवांची प्रकृती कदाचित आपल्या कित्येक सरकारी पिंजऱ्यांपेक्षा चांगली असेल. हे मान्य करूनच पुढचं लिहिते, आणि थोडं लांबेल.

पहिली अडचण ही की पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू आणि रानातून उचललेलं पिल्लू दिसायला सारखंच. इंडोनेशियातून हिरवे झाडअजगर "पिंजऱ्यात पैदास केलेले" असं लिहून परदेशी जायचे, २०११ मध्ये दोन संशोधकांनी माग काढला तर त्यातले किमान ८० टक्के रानातून धरलेले निघाले. प्रत्येकाजवळ सर्टिफिकेट होतं. परवानगीचं दार उघडलं की त्यातून जाणकार आत येतात तसे रानातून उचलणारेही येतात, आणि दारावरच्या माणसाला दोघांत फरक करता येत नाही.

दुसरं, आणि हे मला जास्त लागतं. बाकीच्या वस्तूंचं कसं, कमी झाली की महाग होते आणि महाग झाली की माणूस नाद सोडतो. संग्राहकाचं उलटं असतं. जितकं दुर्मीळ तितकं हवंसं. १९९९ मध्ये चीनमधल्या एका गेकोचं, म्हणजे पालीच्याच नात्यातल्या प्राण्याचं, शास्त्रीय वर्णन छापून आलं, नवी जात म्हणून, कुठे सापडली त्या जागेसकट. त्या जागी संग्राहक पोचले आणि तिथली गेको संपवली. तेव्हापासून असे प्राणी शोधणारे संशोधक नेमकी जागा छापायला घाबरतात. मादागास्करच्या नांगर्‍या कासवांचं बघा, जगातल्या सगळ्यात दुर्मीळ कासवांपैकी एक, १९९६ मध्ये तिथल्या पैदास केंद्रातूनच ७५ कासवं चोरीला गेली. आता त्यांच्या सोनेरी पाठीवर मुद्दाम मोठे आकडे कोरतात, कुरूप दिसावीत म्हणून, म्हणजे कुणी विकत घेणार नाही. वाचवण्यासाठी विद्रूप करावं लागतं, इथपर्यंत वेळ आली.

तिसरं, पिल्लं निघणं हा अडथळा नाहीच मुळी. आपल्याकडे १९७५ पासून मगर प्रकल्प सुरू झाला, सुसरींची अंडी नदीकाठावरून गोळा करून उबवायची, पिल्लं मोठी करून परत सोडायची, हे काम झालं आणि त्याचा उपयोगही झाला. पण साध्या मगरींची पैदास इतकी झाली की ठेवायला जागा पुरेना, आणि सोडायला नद्या कुठे होत्या. वाळूउपसा, धरणं, जाळी, काठावर शेती. तुमच्या मित्राकडची पन्नास पिल्लं जर्मनीत पन्नास घरांत जातील, आंध्रातल्या कडप्प्याच्या माळावर एकही येणार नाही, कारण त्यांच्या आई-बापांचा मूळ मुलूख कुणालाच माहीत नाही आणि आजाराचा धोका आहेच. ती जात टिकली असं म्हणता येईल, पण माळावरचं कासव टिकलं असं नाही म्हणता येत.

म्हणून आपल्या कायद्याने देशी अनुसूचित प्राण्यांसाठी दार बंदच ठेवलंय, मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयं आणि खास परवानगीचे प्रकल्प सोडून. २०१९ मध्ये स्टार कासव साइट्सच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत गेलं तेही आपल्याच देशाने लावून धरल्यामुळे, श्रीलंका वगैरे बरोबर होते. तुमच्याकडे खरंच हातखंडा असेल तर तो वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पुण्यात जखमी आणि जप्त केलेल्या प्राण्यांवर उपचार करणारी केंद्रं आहेत, त्यांना कासवांचं खाणं-पिणं, ऊन-ऊब कळणारी माणसं हवी असतात. तिथे तुमच्या नावावर काही राहणार नाही, पण कासवं बरी होऊन जातील.

धायरीत आमच्या शेजारी एक सर्पमित्र आहे. पकडलेले नाग आठ-दहा दिवस बरणीत ठेवतो, मुलांना दाखवतो, व्हिडिओ करतो. हे चालतं का?

चालत नाही. पकडायचा तो माणूस आणि साप दोघांच्या जिवासाठी, वनविभागाला कळवायचं, आणि लवकरात लवकर जवळच्या योग्य जागी सोडायचा. घरात ठेवला की तो सर्पमित्र राहिला नाही. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी पिढ्यान्‌पिढ्यांची, तरी तिथेही जिवंत नागांच्या मिरवणुकीला उच्च न्यायालयाने मनाई केली, मग बरणीतल्या नागाचं काय. १९२६ ला फोन करा. बरीच चांगली मुलं रात्री-बेरात्री स्वतःच्या पेट्रोलने धावतात, अशा एकामुळे त्यांचं नाव जातं म्हणून तर सांगायलाच हवं.

मी आठवीत आहे, चिंचवडला राहतो. मला सरडे खूप आवडतात. ताई, एकतरी सरडा पाळता येईल का? आई म्हणते तुम्ही हो म्हणालात तर ती हो म्हणेल.

आई हुशार आहे रे तुझी, माझ्यावर ढकललं. बागेतला सरडा धरून बरणीत ठेवू नकोस, किडे कमी पडून आणि ऊन न मिळून तो झुरतो, आणि मग तुला फार वाईट वाटेल. पण आईला माझ्यातर्फे दुसरी गोष्ट सांग, की मे महिन्यात एक दिवस साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर घेऊन चल. पवनचक्क्या आहेत ना, तेच पठार. जागा सगळ्यांना आधीच माहीत आहे म्हणून लिहितेय. तिथे गळ्याला पंखा असलेले सरडे आहेत, पावसाळ्याआधी नर दगडावर चढतात आणि गळ्याचा पंखा उघडमीट करतात, निळा, काळा, नारिंगी, इतका झळझळीत की लांबून दिसतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांचा नवा गट केला आणि त्याला शास्त्रीय नाव काय दिलं माहितीये, सारडा. आपला मराठी सरडाच. चाळकेवाडीचा तो सारडा सुपर्बा.

त्या पठारावर अजून एक गंमत सापडली आहे. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी येतात, म्हणून तिथे सरडे जास्त आहेत आणि माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत. तू स्वतः मोजून बघ, किती पावलांवर गेल्यावर पळतो, पवनचक्कीजवळ आणि लांब, दोन्हीकडे. वहीत लिही. सकाळी नऊच्या आत पोच, टोपी आणि दोन बाटल्या पाणी घे, आणि दगड उलटून बघू नकोस, खाली फुरसं असू शकतं. मोजलेलं मला पाठव, पुढच्या अंकात छापू.